बावीस आंघोळी

टाकी रिकामी होती.

नुसती रिकामी नव्हती, आतून घासून लख्ख केली होती. तळाशी झेंडूचं एक फूल पडलं होतं. जिथं सत्तर-ऐंशी अंशांचं हजार लिटर पाणी असायला हवं होतं, तिथं एक फूल. मी वाकून हात आत घातला आणि टाकीच्या बुडाला टेकवला. बूड थंडगार होतं.

“काय हुडकाय लागलाय, वायरमन?” मागून अनुसयाअक्कांनी विचारलं.

“पाणी.”

“सोडून दिलं की काल सांजचं. टाकी घासायची हुती न्हवं का?”

“कशासाठी?”

मी त्यांना माझंच नाव विचारल्यासारखं त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “खंडेनवमी न्हाई का आज?”

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. दहा वाजता चेअरमनसाहेब येणार होते.

ही गोष्ट लोडशेडिंगच्या काळातली. कृष्णाकाठच्या आमच्या गावात एक धर्मादाय इस्पितळ आहे, तिथं मी वायरमन म्हणून लागलो त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. इस्पितळाची स्वतःची लाँड्री होती. चादरी, गाऊन, ऑपरेशनचे कपडे रोज उकळत्या पाण्यात धुतले जायचे आणि ते कढत पाणी वाफा सोडत गटारात जायचं. गटारालाही त्याची सवय झाली होती. मग टेंबे सर आले आणि म्हणाले की या पाण्यात वीज आहे.

सर इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले, वय त्र्याहत्तर, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक थर्मामीटर. त्यांनी बारा वर्षं खपून एक यंत्र बनवलं होतं. एका बंद नळीत असा द्रव भरलेला होता की तो चाळीस अंशांच्या आतच उकळायचा. लाँड्रीचं टाकाऊ पाणी त्याला तापवणार, त्याची वाफ एक चक्र फिरवणार, चक्राला जोडलेलं जनित्र वीज करणार, आणि वाफ पुन्हा थंड होऊन आपल्या जागी परत येणार. धूर नाही, डिझेल नाही. सगळे त्याला ‘सरांचं इंजन’ म्हणायचे. सर दर वेळी सांगायचे की हे इंजिन नाही. लोक दर वेळी ऐकून घ्यायचे आणि इंजनच म्हणायचे.

यंत्राला जागा मात्र कुठं मिळेना. आधी ते एका डेअरीत होतं. तिथल्या मॅनेजरला वाटलं की दुधाला वास लागेल. मग एका बेकरीत होतं. बेकरीवाल्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि खोली लागली. मग मुलींच्या वसतिगृहात. तिथल्या रेक्टरबाईंनी विचारलं की हे गृहस्थ रोज तीन तास मुलींच्या न्हाणीघरामागं काय करतात. चौथी जागा आमची. लाँड्रीला लागून एक खोली रिकामी होती. चेअरमन मगदूमसाहेबांनी नऊ महिन्यांची मुदत दिली आणि अट घातली ती अशी, की बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेरच्या बोळातल्या सहा ट्यूब लोडशेडिंग चालू असताना अर्धा तास जळल्या पाहिजेत. जळल्या तर यंत्र राहील. नाही जळल्या तर खोली औषधांच्या दुकानाला गोडाऊन म्हणून जाईल.

त्या बोळाला एकही खिडकी नव्हती, त्यामुळं रोज सकाळी नऊ ते बारा तो काळाकुट्ट असायचा. इस्पितळाचं जनरेटर ऑपरेशन थिएटरपुरतंच होतं. सिस्टर एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन चालायच्या.

मला सरांच्या मदतीला दिलं तेव्हा माझं मत असं होतं की म्हाताऱ्या माणसाला काहीतरी छंद हवा. पण रोज तासाला एकदा टाकीत थर्मामीटर बुडवायचा आणि आकडा रजिस्टरात लिहायचा, असे महिने गेले, आणि माझ्याही नकळत मी घरी जेवताना आमटीचं तापमान किती असेल याचा विचार करायला लागलो. एकदा एक नट घट्ट करताना सरांचा हात थरथरला आणि पाना खाली पडला. मी तो उचलून देत असताना ते शांतपणे म्हणाले, “कोळेकर, इथून पुन्हा हलवायची वेळ आली तर मला प्रत्येक बोल्ट आठवेल. पण हात ऐकणार नाहीत.” त्या दिवशी मला समजलं की ही चौथी जागा नाही, शेवटची जागा आहे.

आणि जानेवारीत, अगदी पहिल्याच आठवड्यात, सरांनी मला विचारलं होतं, “लाँड्री बंद कधी असते?”

मी म्हणालो होतो, “इस्पितळाची लाँड्री सर, ती कधीच बंद नसते.”

कुणालाही न विचारता म्हणालो होतो. पुढं नऊ महिने ती खरोखरच बंद नव्हती. प्रजासत्ताक दिनाला चालू, होळीला चालू, गणपती विसर्जनालाही चालू. त्यामुळं माझं बोलणं मलाच पटत गेलं.

चेअरमनसाहेबांनी चाचणीचा दिवस पंचांग बघून काढला होता. ऑफिसच्या शिपायानं नोटिशीवर तारीख टाइप केली. आम्ही तारीख वाचली. लाँड्रीनं तिथी वाचली. दोघांनीही आपापल्या परीनं जय्यत तयारी केली.

“आमाला वाटलं तुमी इंजनाची पूजा हाय म्हनून तर आजचा दिस धरलाय,” अक्का म्हणाल्या. त्या लाँड्रीच्या मुकादम. एकतीस वर्षं नोकरी, हाताखाली अकरा माणसं, आणि नाकावर माशी बसू न देणारा स्वभाव. त्यांच्या मागं कोपऱ्यात झेंडूच्या हारांची टोपली होती. धुलाईची यंत्रं, पिळायचं यंत्र, इस्त्रीचा मोठा रोलर, सगळं पुसून ठेवलेलं. काल दुपारपासून दोन दिवसांच्या चादरी धुऊन रचून ठेवल्या होत्या. “आता घरी जाऊन आंघोळी करून येतो आनि नवाच्या पुढं पूजा. बंब पेटवलेत समद्यांनी.”



“अक्का, एक मशीन लावा. फक्त एक. पाऊण तास.”

“आज?”

“सरांचं सगळं आजच्या दिवसावर आहे.”

 टोपलीतला एक हार उचलून अक्कांनी त्याचं सुटलेलं फूल नीट बसवलं. मग म्हणाल्या, “आमच्या मालकांचा हात बघितलाय न्हवं तुमी?”

बघितला होता. त्यांचे यजमान, गोविंदकाका, इस्पितळाच्या फाटकात बसून नातेवाइकांना पास द्यायचे. डाव्या हातानं. उजवा मनगटापासून नव्हता.

“त्यावेळंला एक सुपरिटेंडंट हुता. म्हनला, आजार काय नवमी बघून येतोय व्हय, चालू करा रोलर. मालकांनी केला. हिथंच, ह्या रोलरवर.” त्यांनी रोलरकडं पाहिलंही नाही. “तवापास्नं आजच्या दिवशी ह्या खोलीत बटन दाबलं न्हाई कुनी. मी हाय तवर कुनी दाबनार बी न्हाई.”

 मी मान डोलावली आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो.

पावणेआठला सर आले. मी उठून सगळं सांगितलं. टाकी, नवमी, रोलर, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसायला सुरुवात केली.

“लाँड्री कधीच बंद नसते, असं तुम्ही म्हणाला होता.”

“हो सर.”

“विचारून म्हणाला होता?”

“नाही सर.”

“हं,” सर म्हणाले आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते. हे नुसतेच आपल्या यंत्राजवळ जाऊन उभे राहिले आणि एका स्वच्छ पाइपावरची नसलेली धूळ रुमालानं झटकू लागले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी बोलत सुटलो.

“सर, नऊपर्यंत लाइट आहे. वॉर्डातले गीझर लावू. चार गीझर भरून…”

“वीज वापरून पाणी तापवायचं,” सर म्हणाले, “आणि त्या पाण्यापासून वीज करायची. कोळेकर, तुम्ही वायरमन आहात.”

मी हातातला टेस्टर खिशात घातला.

“मी चेअरमनना सांगतो की आज यंत्र चालणार नाही. अनुसयाबाईंना पुन्हा विचारू नका. त्यांचं कारण माझ्या कारणापेक्षा मोठं आहे.”

अनुसयाबाई दारातच उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे.

“पानी किती तापल्यालं लागतंय?” त्यांनी विचारलं.

“पंच्याहत्तर अंश,” सर म्हणाले.

“म्हंजी? बोट घालवत न्हाई एवढं?”

“साधारण तेवढं.”

“मग बंबातलं हुतंय की तेवढं.”

सरांनी मान हलवली. “पण ते वाया जाणारं पाणी नाही. माझं यंत्र वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालतं. मुद्दाम सरपण जाळून केलेल्या नाही. त्याला काही अर्थ नाही.”

“आज ती वाया जानारी बी सुट्टीवर हाय,” अक्का म्हणाल्या. “येवढ्या दिवसापुरतं दुसरं घ्या चालवून.”

“पण तुमची परंपरा? आज अवजारांनी विश्रांती घ्यायची ना? मग हे यंत्र?”

अक्कांनी यंत्राला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुमचं इंजन अजून आमच्यात धरलं न्हाई. पूजा झाली की धरलं. तवर त्येला आमचा नेम न्हाई.”

इस्पितळाच्या मागं कर्मचाऱ्यांच्या चाळीत बावीस खोल्या होत्या. लाँड्रीवाले, आया, वॉर्डबॉय, सफाईवाल्या. बावीस खोल्या, बावीस बंब, आणि सणाची आंघोळ कुणाचीच झालेली नव्हती. अक्का चाळीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि तिथूनच ओरडल्या, “कुनी आंगावर पानी घेऊ नगा! बंब उकळा आनि लाँड्रीत आना!”

कुणीतरी आतून विचारलं, “का वं अक्का?”

“इंजनाला आंघोळ घालायची हाय!”

हे कारण सगळ्यांना ताबडतोब पटलं. सरांनी नऊ महिने जे समजावून सांगितलं होतं, त्यातलं काही इतक्या पटकन कुणाला पटलं नव्हतं.

पुढचा दीड तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. वाफाळणाऱ्या बादल्या, तांब्याच्या घागरी, एका आयाबाईनं डोक्यावर चुंबळ घेऊन आणलेलं पातेलं. प्रत्येक जण पाणी ओतायच्या आधी सरांसमोर थांबायचा आणि सर थर्मामीटर बुडवायचे. “ऐंशी. घाला.” “अठ्ठ्याऐंशी. उत्तम.” एक वॉर्डबॉय बासष्टचं पाणी घेऊन आला, त्याला परत पाठवलं. तो मान खाली घालून गेला आणि पुन्हा तापवून घेऊन आला. टाकीवर आम्ही धुतलेल्या चादरींच्या चार घड्या पसरल्या होत्या, ऊब टिकावी म्हणून. अक्का स्वतः सात खेपा वाहून आल्या. पदर खोचलेला, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, केस विस्कटलेले.

शेवटी गोविंदकाका आले. फाटक सोडून, डाव्या हातात बादली, अर्धं अंग उजवीकडं झुकवून तोल सांभाळत. मी बादली घ्यायला पुढं झालो तर अक्कांनी मला नजरेनंच थांबवलं. काकांनी स्वतः बादली टाकीच्या काठावर टेकवली आणि रिकाम्या मनगटानं तिचं बूड उचलून ओतली.

“बावीस,” अक्का म्हणाल्या.

दहाला दोन मिनिटं कमी असताना टाकी चौऱ्याहत्तर दाखवत होती. सरांनी झडप उघडली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग नळीत कुरकुर झाली, पुलीनं एक आळस दिला, आणि यंत्र गुणगुणायला लागलं. मी बोळात पळालो आणि स्विच टाकला. सहाच्या सहा ट्यूब लुकलुकल्या आणि लागल्या. बोळातल्या एका बाकावर एक बाळंतीण बसली होती. तिनं वर बघितलं आणि पदरानं बाळाचे डोळे झाकले.

चेअरमनसाहेब दोन ट्रस्टींना घेऊन दहा वाजता आले. पांढरी टोपी, कपाळाला गंध. ट्यूब बघून ते खूश झाले. मग यंत्राच्या खोलीत येऊन त्यांनी खिशातून घड्याळ काढलं, हातातल्या हातात उघडून धरलं आणि वाफाळलेल्या टाकीकडं कौतुकानं पाहिलं.

“वा, टेंबे! आणि हे सगळं वाया जाणारं पाणी! लाँड्रीचं!”

मी मनातल्या मनात सरांचे पाय धरले. फक्त ‘हो’ म्हणा. नाहीतर नुसतं हसा. बारा वर्षांत एकदा.

“नाही,” सर म्हणाले. “एरवी असतं. आज लाँड्री बंद आहे. हे आंघोळीचं पाणी आहे.”

“कुणाच्या?”

“चाळीतल्या लोकांच्या. त्यांनी आंघोळी केल्या नाहीत.”

चेअरमनसाहेबांनी भिंतीशी ओळीनं ठेवलेल्या बादल्या पाहिल्या. बादल्यांमागं ओळीनं उभी असलेली, सणासुदीला दहा वाजता पारोशी असलेली माणसं पाहिली. मग बोळातल्या ट्यूबकडं पाहिलं.

“म्हणजे माझ्यासमोर आत्ता,” ते सावकाश म्हणाले, “लोकांच्या आंघोळी जळतायत?”

“तांत्रिकदृष्ट्या, हो.”

 यंत्र गुणगुणत होतं. टाकी एकोणसत्तर झाली, पासष्ट झाली. अक्का दाराच्या चौकटीला टेकून, यंत्रातून बाहेर पडणारं पाणी गटारात जात होतं तिकडं बघत होत्या. एकसष्टला पुली मंदावली. अठ्ठावन्नला ट्यूब पिवळट झाल्या, एकदा फडफडल्या आणि विझल्या. बोळातून त्या बाळंतिणीचं “अगं बाई” ऐकू आलं.

“एकोणीस मिनिटं,” चेअरमनसाहेब म्हणाले आणि घड्याळ मिटलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. “टेंबे, तुमचे कष्ट मला दिसतात. पण अर्धा तास म्हणजे अर्धा तास. मी मेडिकलवाल्याला शब्द दिलाय. सोमवारपर्यंत खोली मोकळी करून द्या.”

“ठीक आहे,” सर म्हणाले. त्यांनी झडप बंद केली आणि पाना शोधायला खाली बघितलं. पाना त्यांच्या हातातच होता.  हे सगळं माझ्या एका वाक्यानं झालं होतं.

“थांबा,” अक्का म्हणाल्या.

त्यांच्या हातात पूजेचं ताट होतं. पण त्या पुढं आल्या नाहीत. त्यांनी आधी आपल्या हातांकडं पाहिलं, मग भिजलेल्या, राखेनं माखलेल्या लुगड्याकडं. एकतीस वर्षांत न्हाऊन-धुऊन, नवं लुगडं नेसल्याशिवाय त्यांनी लाँड्रीतल्या यंत्रांना हळद लावली नव्हती. हे अख्ख्या चाळीला माहीत होतं. आणि चेअरमनसाहेब चप्पल घालायला निघाले होते. अक्कांनी ताट गोविंदकाकांच्या हातात दिलं, यंत्राच्या मागं गटाराशी गेल्या, बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या शेवटच्या धारेखाली हातपाय धुतले, क्षणभर तिथंच थबकल्या, आणि परत आल्या. ताट घेतलं. तशाच, पारोशा. यंत्राला हळद लावली, कुंकू लावलं, जनित्रावर अक्षता टाकल्या, नारळ ठेवला आणि झेंडूचा सगळ्यात मोठा हार उचलला.

“हार पुलीला लागू देऊ नका,” सर सवयीनं म्हणाले.

अक्कांनी हार पुलीपासून लांब, वरच्या पाइपाला घातला. हात जोडले. मग वळून म्हणाल्या, “आता ह्ये आमच्यात धरलं. खंडेनवमीला पुजल्यालं हत्यार वरसभर जाग्यावरनं हलवत न्हाईत.”

चेअरमनसाहेब एका पायात चप्पल घालून उभे राहिले. “असा रिवाज आहे?”

“हाय की.”

त्यांनी लाँड्रीच्या माणसांकडं बघितलं. अकरा माणसांनी गंभीरपणे माना हलवल्या. गोविंदकाकांनी सर्वांत जास्त हलवली.

“तुमच्या घरात पाळत न्हाईत व्हय, साहेब?” अक्कांनी काळजीनं विचारलं.

ज्या माणसानं दिवस पंचांगातून काढला होता, त्यानं यावर काय म्हणावं? चेअरमनसाहेबांनी दोन्ही ट्रस्टींकडं पाहिलं. ते दोघंही हार बघण्यात गर्क होते.

“पाळतो की,” ते म्हणाले. “पाळतो म्हणजे… कडक पाळतो.” मग दुसरी चप्पल घातली. “वर्षभर तर वर्षभर. मेडिकलवाल्याला सांगू काहीतरी.” जाता जाता त्यांनी यंत्राला नमस्कारही केला.

ते दिसेनासे झाल्यावर मी अक्कांना हळूच विचारलं, “खरंच असा रिवाज आहे?”

“आता हाय,” अक्का म्हणाल्या.

सरांना त्यांचे आभार मानायचे होते, पण कुठून सुरुवात करावी ते त्यांना सुचत नव्हतं. ते रजिस्टर उघडून बसले. अक्काच जवळ आल्या.

“सर, तुमच्या इंजनातनं जे पानी गटारात जातंय, ते कसलं?”

“ते झालं काम संपलेलं पाणी. यंत्रानं त्यातली उष्णता काढून घेतलेली असते.”

“ऊन हाय की ते. मी आत्ता पाय धुतले.”

“सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंश असतं. त्याच्यापासून वीज होत नाही. म्हणून ते वाया.”

“आंघोळ हुती की,” अक्का म्हणाल्या.

सरांच्या हातातलं पेन थांबलं. त्या रजिस्टरात ‘वाया’ नावाचा एक रकाना होता. नऊ महिने, तासाला एकदा, त्यांनी आणि मी त्या रकान्यात सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस लिहिलं होतं. वीस पावलांवर चाळ होती. तिथं रोज पहाटे बावीस बंब धुरात पेटायचे. आम्ही तो धूरही रोज बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दसरा. गावात लोक एकमेकांना सोनं देत होते. सर आणि मी यंत्रापासून चाळीच्या न्हाणीघरापर्यंत पाइप टाकत होतो. उतार नीट मिळेना म्हणून सरांनी तीनदा मोजलं. बोल्ट मी आवळत होतो, ते फक्त सांगत होते. दुपारी लाँड्री सुरू झाली. एकादशीला सकाळी न्हाणीघराच्या नळाला पहिली धार आली आणि सरांनी थर्मामीटर धरला. सत्तेचाळीस. सगळी चाळ तांबे, बादल्या, टॉवेल घेऊन उभी होती.

“करा, अनुसयाबाई,” सर म्हणाले. “तुमची नवमीची आंघोळ राहिली आहे.”

“पयली इंजनवाल्याची.”

“माझी झाली आहे घरून.”

“मग दुसऱ्यांदा करा.”

सरांनी माझ्याकडं मदतीसाठी पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं. गोविंदकाकांनी स्वतःचा टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला. सरांनी खिशातली दोन्ही पेनं काढून माझ्याकडं दिली, थर्मामीटर दिला, चष्मा दिला, आणि ते आत गेले.

बराच वेळ लागला.  आतून तांब्यानं पाणी घेतल्याचा आवाज यायचा, मग थांबायचा, मग बरंच थांबून पुन्हा यायचा. शेवटी दार उघडलं. सर बाहेर आले. ओले केस कपाळावर आलेले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. इतक्या महिन्यांत त्यांना मी असं कधी बघितलं नव्हतं. डोळे लालभडक झाले होते.

“पाणी कसं काय हाय?” अक्कांनी विचारलं.

“चांगलं आहे,” सर म्हणाले आणि चष्म्यासाठी हात पुढं केला. “साबण गेला डोळ्यात.”

अक्का आत गेल्या आणि लगेच दारात परत आल्या. इस्पितळाच्या लाँड्रीत साबणाला काही तोटा नव्हता, पोत्यांनी होता. पण त्या दिवशी सगळ्या गडबडीत न्हाणीघरात साबण ठेवायचा राहूनच गेला होता.  त्यांनी माझ्याकडं फक्त हात पुढं केला, आणि मी आंघोळीसाठी घरून आणलेली साबणाची वडी त्यांच्या हातावर ठेवली.